गारेमाळचा ठराव क्रमांक पाच

गारेमाळची शाळा बंद झाली. मी केली. निळ्या बॉलपेनाने, दुपारी पावणेचारच्या सुमाराला, चहा पिता पिता.

आता हे झालंच नाही असं समजू. शाळा चालू आहे. जानेवारी संपत आलाय, सकाळचे सात वाजलेत, आणि मी दुधाच्या कॅनवर बसून नेतृत्वाचं निरीक्षण करतोय.

"सर, उठा तितनं. झाकण चेपतंय," सोनाबाई म्हणाल्या.

मी उठलो आणि तक्त्यात लिहिलं : ७.०२, समितीच्या अध्यक्षांनी ठोस निर्णय घेतला.

तेव्हा मी पुण्यात शिक्षण धोरण आणि शालेय नेतृत्व या विषयात एम.ए. करत होतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पहिल्या वर्षी शाळा का बिघडतात ते शिकवायचे, दुसऱ्या वर्षी त्या कोणी सुधारायच्या ते. उत्तर बहुतेक वेळा 'आपण' असं निघायचं. शेवटच्या सत्रात सहा आठवडे एका मुख्याध्यापकाच्या मागे सावलीसारखं फिरायचं आणि दर पाच मिनिटांनी तो काय करतोय ते तक्त्यात भरायचं, असा नेम होता. वर्गातल्या बाकीच्यांना ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पार्किंग असलेल्या शाळा मिळाल्या. मला मिळालं विद्या मंदिर, गारेमाळ. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, डोंगरात, बारा घरांचा धनगरवाडा. पहिली ते चौथी, पट चौदा. शिक्षक एक आणि मुख्याध्यापक एक. दोघंही सुतार गुरुजी.

गुरुजी त्रेपन्न वर्षांचे होते. खालून मोटरसायकलवर येत. रस्ता जिथे संपतो त्या वळणावर गाडी लावत आणि पुढे चालत. शाळा साडेदहाची असली तरी ते सातला हजर असत, कारण सातला त्या वळणावर दुधाचा टेंपो येई, आणि टेंपोसाठी वाड्यावरच्या सगळ्या बाया कॅन घेऊन उभ्या असत. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक महिन्यातून एकदा घ्यावी असा नियम आहे. गारेमाळला ती रोज व्हायची, टेंपोला जितका उशीर तितका वेळ. काल कोण आलं नाही, तांदूळ किती उरलाय, गवे कुठवर उतरलेत, कुणाच्या पोराला दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं. हजेरी शंभर टक्के. पुण्यात मी पालकांच्या सहभागावर चारशे पानं वाचली होती, आणि त्या चारशे पानांत दुधाचा टेंपो कुठेच नव्हता.

माझ्याकडे बेचाळीस प्रश्नांची एक प्रश्नावलीही होती.

"गुरुजी, शाळेसाठी तुम्ही दूरदृष्टी कशी विकसित करता?"

"मला चष्मा लागलाय. जवळचा."

"म्हणजे लांबचं दिसतं?"

"लांबचं दिसतंय म्हणूनच काळजी वाटते, सर."

मी 'लागू नाही' या चौकटीत खूण केली.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली होती. नऊ रकाने. आठ गुरुजींनी उभ्याउभ्या भरले. नववा रकाना असा होता : 'नजीकच्या शाळेत समायोजन करण्याबाबत शाळा व्यवस्थापन समितीचा अभिप्राय, ठरावाच्या छायांकित प्रतीसह.' म्हणजे ही शाळा बंद करून पोरं खाली बोरंब्याला पाठवली तर चालतंय का, ते आईबापांना विचारून कळवा.

दुसऱ्या दिवशी वळणावर गुरुजींनी ते पत्र वाचून दाखवलं. सोनाबाई झोरे अध्यक्ष होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण सही येत होती. ती त्यांना त्यांच्या धाकटीने, तिसरीतल्या रखमीने शिकवली होती. त्यांनी कॅन खाली ठेवला.

"खाली म्हंजी पाच किलोमीटर. मधी वढा. माझी थोरली पाचवीला म्हैनाभर गेली. एक दिस वाटंत गवा हुबा. तिनं दप्तर तितंच टाकलं न् आली पळत. दप्तर आणाय तिचा बा गेला, पर ती काय परत गेली न्हाई."

"मग काय कळवू?" गुरुजींनी विचारलं.

"लिवा की. आमची पोरं खाली धाडन्यापरास त्येंचीच शाळा उचलून वर आणा म्हनावं. त्येंच्याकडं रस्ता हाय, टेंपो हाय. आमच्याकडं काय हाय?"

बाया हसल्या, मीही हसलो. तक्त्यात लिहिलं : ७.१९, पर्यायी प्रस्ताव.

"असं नसतंय लिहायचं, सोनाबाई," गुरुजी म्हणाले. "समितीचा विरोध आहे, असं लिहू."

"तसं लिवा. पर जरा दांडगं लिवा."

अडचण अशी होती की समितीची ठराव वही जूनपासून कोरी होती. बैठका रोज होत असल्यामुळे त्या लिहायच्या कधी, असा गुरुजींचा प्रश्न होता. आता ठरावाची प्रत द्यायची म्हणजे जून ते जानेवारी आठ महिन्यांचं इतिवृत्त हवं.

"चर्चा सगळी झालेली हाय," गुरुजी म्हणाले. "वहीच तेवढी मागं राहिली."

"मी लिहितो," मी म्हणालो. "माझं अक्षर चांगलं आहे."

"तुमी? नियमानं ती मी लिहायची असती."

"सांगा तुम्ही, मी लिहितो. हे पण निरीक्षणच."

जून आणि जुलै त्यांनी सांगितला. मग त्यांना म्हसोबाच्या टेकाडावर जायचं होतं, कारण बाकीचे आठ रकाने ऑनलाइन भरायचे होते आणि रेंज फक्त तिथे होती. जाताना म्हणाले, "पुढचं आटपा. शेवटच्या ठरावात विरोध नीट लिहा बरं का. खरं काम तेवढंच हाय."

ऑगस्ट ते ऑक्टोबर मी शुद्ध मनाने लिहिलं. परसबाग, शौचालयाची कडी, स्वातंत्र्यदिनाचा खाऊ. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. नोव्हेंबरला कंटाळा आला.

आमच्या वर्गाचा मोबाइलवर एक गट होता. त्याचं नाव 'धोरणलकवा'. त्या गटात मला एक स्थान होतं. बाकीचे आकडेवारी टाकत, मी विनोद टाकायचो. पाच आठवडे रेंजच नसल्यामुळे ते स्थान धोक्यात आलं होतं. शिवाय आमच्या किणीकर मॅडम एकदा वर्गात म्हणाल्या होत्या की इतिवृत्त हा जगातला सगळ्यात कमी वाचला जाणारा साहित्यप्रकार आहे. त्या हे दुःखाने म्हणाल्या होत्या. मी ते परवानगीसारखं ऐकलं.

नोव्हेंबरच्या बैठकीत मी शाळेच्या आवारात नियमित येणाऱ्या गव्याला पहिलीत प्रवेश दिला. 'वयाची सहा वर्षे पूर्ण असल्याची खात्री करून', असंही घातलं. डिसेंबरमध्ये टेंपोचालकाने सातत्याने उशीर करून लोकशाही बळकट केल्याबद्दल त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला. मग जानेवारी. पान क्रमांक एकतीस.

'ठराव क्रमांक ५, समायोजनाबाबत. गारेमाळची मुले बोरंबे येथे पाठविण्यापेक्षा बोरंबे येथील शाळाच उचलून गारेमाळ येथे आणण्यात यावी. ते शक्य नसल्यास गारेमाळची शाळा बोरंबे येथे नेण्यास समितीची हरकत नाही. सूचक : सौ. सोनाबाई धाकलू झोरे. सर्वानुमते मंजूर.'

पहिलं वाक्य सोनाबाईंचं होतं. दुसरं माझं. पहिल्याला तोल हवा होता, असं मला वाटलं. एका शाळेला उचलून वर आणायचं, नाही जमलं तर दुसरीला उचलून खाली न्यायचं. वाचताना चांगलं लागत होतं. मी चहाचा घोट घेतला आणि फोटो काढला.

संध्याकाळी टेकाडावर जाऊन तो गटावर टाकला. एकतीस जण हसले. वर्गात आम्ही अठ्ठावीस होतो. तीन जण दोनदा हसले असावेत.

सकाळी वळणावर सह्या झाल्या. गुरुजी टेंपोवाल्याशी तांदळाच्या पोत्याबद्दल बोलत पलीकडे उभे होते. मी वही कॅनच्या झाकणावर ठेवली. सोनाबाई म्हणाल्या, वाचून दावा. मी वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि सही केली. 'सोनाबाई' हे चार अक्षरांचं नाव त्या एकेक अक्षर थांबून काढायच्या, आणि काना दिल्यावर पेन उचलून बघायच्या. बाकीच्या सात जणींनीही केली. टेंपो आला. गुरुजींनी वही पिशवीत टाकली आणि टेंपोत बसून केंद्रशाळेत द्यायला गेले.

मी शनिवारी पांढरी शाई लावून ते पान दुरुस्त करणार होतो. वही शनिवारी परत आलीच नाही. सोमवारी आली तेव्हा तिच्यात झेरॉक्सवाल्याची पावती होती. कोणी काही म्हणालं नाही. मी किणीकर मॅडमच्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि पुण्याला परतलो.

माझ्या प्रबंधाचं नाव होतं 'कमी पटाच्या शाळेतील सहभागी निर्णयप्रक्रिया : एक व्यक्तिअभ्यास'. मॅडमना दुधाचा टेंपो फार आवडला. समासात त्यांनी लिहिलं, 'इथे लोक खरोखर बोलताना ऐकू येतात.'

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला. माझी तोंडी परीक्षा चार दिवसांवर होती, आणि पुण्यातल्या एका संस्थेने नोकरीचं पत्रही दिलं होतं.

"सर, तुमचं अक्षर झेरॉक्सला लई चांगलं आलंय," गुरुजी म्हणाले.

"कुठल्या झेरॉक्सला?"

"आदेशाला जोडलीय. शाळा बंद करायच्या आदेशाला. समितीच्या ठरावास अनुसरून, असं म्हटलंय."

पलीकडून त्यांनी रेंज गेली असं समजून दोनदा हॅलो म्हटलं.

"तुम्ही वाचलं नव्हतं का?" मी शेवटी विचारलं.

"न्हाई. तुमी लिहिताय म्हटल्यावर कशाला वाचू?" मग म्हणाले, "उद्या तालुक्याला साहेबांकडं जाणाराय. सोनाबाई पण येत्यात. तुमी आला तर बरं पडंल."

रात्रीची गाडी पकडून मी गेलो. तालुक्याच्या स्टँडवरून आम्ही तिघं चालत निघालो. सोनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या आणि त्यांच्या हातात एका पिशवीत दह्याचा डबा होता. साहेबांसाठी.

"दही कशाला, सोनाबाई?" गुरुजी म्हणाले.

"रिकाम्या हातानं कसं जायाचं मोठ्या मानसाकडं?"

गुरुजी माझ्याकडे वळले. "हे बघा सर. मी ह्यांना सांगितलंय, वहीत काहीतरी चूक झालीय, एवढंच. वही कुणी लिहिली ते आमी दोघं सांगायचं न्हाई असं ठरलंय. सांगायचं तर तुमी सांगाल."

"हो," मी म्हणालो.

गटशिक्षणाधिकारी साहेब तसे चांगले होते. चहा मागवला, सोनाबाईंना खुर्ची दिली, दही घेतलं नाही पण चांगलं दिसतंय म्हणाले. मग फाइल उघडली आणि आधी मागची पानं चाळली.

"नोव्हेंबरमध्ये तुम्ही गव्याला प्रवेश दिलेला दिसतो."

गुरुजींनी मान खाली घातली. सोनाबाईंनी विचारलं, "कुनाला?"

"म्हणजे हा विनोद आहे, हे मला कळतं," साहेब म्हणाले. "पण मला कळून उपयोग नाही, गुरुजी. फाइलला कळत नाही. फाइलमध्ये ठराव आहे, सर्वानुमते आहे, आठ सह्या आहेत."

"नवीन ठराव देतो की साहेब. आजच देतो."

"कुठल्या समितीचा? आदेशाप्रमाणे एक तारखेपासून ती शाळा नाही. शाळा नाही तर समिती नाही. नसलेल्या समितीचा ठराव मी आवकला कसा घेऊ?" त्यांनी चष्मा काढला. "आदेशात लिहिलंय काय, तेवढं यांना माहीत आहे का?"

"वाचून दावा," सोनाबाई म्हणाल्या.

साहेबांनी ठराव क्रमांक पाच वाचला. चांगला वाचला. 'उचलून' या शब्दावर जरा थांबले. 'समितीची हरकत नाही' हे त्यांनी दोनदा वाचलं, कारण सोनाबाईंनी पुन्हा एकदा म्हणून सांगितलं.

"हे असं न्हवतं," सोनाबाई म्हणाल्या.

"कसं होतं?"

सोनाबाई खुर्चीवरून उठल्या. शाळेत कविता म्हणायला उठतात तशा. "गारेमाळची शाळा गारेमाळलाच राहावी. समायोजनास समितीचा ठाम विरोध आहे. वाट जंगलाची आहे. गव्यांचा धोका आहे. मुली खाली जाणार नाहीत व त्यांचे शिक्षण बंद पडेल, याची जबाबदारी शासनाची राहील." मग म्हणाल्या, "शेवटचं मी सांगून घालाय लावलं हुतं. पोरींचं. त्येंनी ते माझ्यासमोर लिवलं."

त्यांनी एक शब्दही चुकवला नव्हता. मी तसंच वाचलं होतं.

इथे मला मागे जावं लागेल, कारण मघाशी मी हे गाळलं. वळणावर त्या वाचून दावा म्हणाल्या, तेव्हा पान एकतीस माझ्यासमोर उघडं होतं. त्यावरचं वाक्य आठ बायांसमोर वाचायची मला लाज वाटली. मग मी पानाकडे बघत, बोट ओळीवरून फिरवत, गुरुजींनी लिहायला सांगितलेला ठराव वाचला. चांगला वाचला, 'ठाम' हा शब्द तिथल्या तिथे सुचला. बाया म्हणाल्या, ब्येस. सोनाबाई म्हणाल्या, पोरींचं बी घाला. मी घातलं. पेन कागदावर टेकवून, डावीकडून उजवीकडे दोन ओळी. टोपण काढलं नव्हतं.

साहेबांनी पान उजेडाकडे धरून पाहिलं. "बाई, असं इथे काही नाही."

"असंल. त्येंनी वाचलं हुतं."

"कोणी?"

पंखा फिरत होता. सोनाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग गुरुजींकडे. ठरल्याप्रमाणे त्या गप्प राहिल्या.

"मी वाचलं साहेब," गुरुजी म्हणाले. "मीच लिहिलं, मीच वाचलं. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

"गुरुजी, तुमचं अक्षर मी अकरा वर्षं बघतोय. ते वाचायला मला दोन वेळा डोळे तपासावे लागलेत. हे तुमचं नाही. आणि शाळा वाचवायला तुम्ही काहीही म्हणाल, हे वरच्यांनाही कळतं. तुमच्या म्हणण्याचा उपयोग नाही." त्यांनी फाइल मिटली नाही. बोट पान एकतीसवर ठेवलं. "एक वाट आहे. ज्याने हे लिहिलं आणि वाचून दाखवलं, त्याने लेखी द्यावं, की पानावर एक होतं आणि मी दुसरं वाचलं. मग हा ठराव समितीचा राहत नाही. त्या माणसाचा होतो. अर्ध्या पानाचा जबाब, खाली नाव आणि सही. पाच वाजता टपाल जातं. पाचपर्यंत दिलं तर मी आजच वर पाठवतो, माझ्या शिफारशीसह. आदेश थांबेल."

घड्याळात सव्वाबारा झाले होते. पावणेपाच तास होते. मला पाच मिनिटं पुरली असती, माझं अक्षर चांगलं आहे.

"त्या माणसावर काय हुईल?" गुरुजींनी विचारलं.

"फसवून सह्या घेतल्या असा अर्थ होतो. सरकारी नोकर असेल तर निलंबन. नसेल तर तो जिथे असेल तिथे आम्ही कळवू."

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं.

"आपण कोण?"

"मी विद्यार्थी आहे," मी म्हणालो. "निरीक्षणाला आलोय."

"कशाच्या?"

"शालेय नेतृत्वाच्या."

"अच्छा," साहेब म्हणाले. "मग करा निरीक्षण."

मी केलं. कपाटावर सतरा फायली होत्या. साहेबांच्या टेबलावर काचेखाली कुणा मुलीचा फोटो होता. गुरुजींच्या शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं. सोनाबाई अजून उभ्याच होत्या. कोणी माझं नाव घेतलं नाही. सगळे वाट बघत होते, आणि मीही त्यांच्यासारखीच वाट बघितली, जणू ज्याची वाट बघायची तो अजून यायचा आहे.

साधारण तीन मिनिटांनी साहेबांनी फाइल मिटली.

स्टँडवर गुरुजी तिकिटांची चौकशी करायला गेले. सोनाबाई आणि मी बाकड्यावर बसलो. दह्याचा डबा आमच्या मधे होता. त्यांनी अगदी साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं विचारलं,

"सर, तुमी वाचलं तवा वही उघडी हुती न्हवं?"

"हो."

"तुमचं बोट बी फिरत हुतं. मी बगत हुते."

"हो."

"मग लिवलेल्यातनं दुसरंच कसं वाचाय येतंय? आमाला वाचाय येत न्हाई, म्हनून इचारलं."

मी समोरच्या गाडीवरची पाटी वाचत राहिलो.

"आमाला वाटायचं, लिवलेलं हाय म्हंजी सगळ्यांना त्येच दिसतंय. म्हनून तर पोरीला धाडत हुते." त्यांनी पदराने डब्याचं झाकण पुसलं, पुसायचं काही नसताना. "किती वरसं शिकाय लागतंय त्याला?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा असता तर मी परत मारला असता. मला ते येतं. त्यांना खरोखर माहिती हवी होती, आणि माझ्या तोंडून खरं उत्तर निघून गेलं.

"सतरा."

सोनाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग रखमीला तीनच बास झाली," त्या म्हणाल्या.

गुरुजी तिकिटं घेऊन आले. माझंही पुण्याचं काढलं होतं. "तुमची दीडची हाय," म्हणाले. "परीक्षेला उशीर नको." मी पैसे द्यायला लागलो तर हात धरला. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. शिकणाऱ्याकडनं घेत न्हाई मी." मग थोडा वेळ माझा हात तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले ते एवढंच : "पाचला टपाल जातंय म्हणाले न्हवं का साहेब? अजून वेळ हाय म्हणा. दीडच्या जागी तीनची पण गाडी असती."

मी दीडच्या गाडीत बसलो. खिडकीतून ते दोघं दिसत होते. सोनाबाईंनी डबा गुरुजींना देऊ केला, गुरुजी नको म्हणाले, मग दोघांनी तिथेच बाकड्यावर बसून डब्याच्या झाकणात घेऊन दही खाल्लं. त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं नाही. गाडी सुटली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या शाळेची सद्यःस्थिती काय?" मी म्हणालो, "समायोजन झालं." "समितीची भूमिका?" "समितीने ठराव केला होता." त्यांनी मान डोलावली. मला अ श्रेणी मिळाली.

याला सहा वर्षं झाली. चौदातली सहा मुलं बोरंब्याला जाऊ लागली, असं मला कळलं. सगळे मुलगेच. गुरुजींची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. मी त्याच संस्थेत आहे. शाळा व्यवस्थापन समित्यांना प्रशिक्षण देतो. त्यात दीड तासाचं एक सत्र इतिवृत्त कसं लिहावं यावर असतं, आणि ते मी घेतो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. सत्रात लोक खूप हसतात. एकदा एका बाईंनी हात वर करून विचारलं, "आमच्यात कुणाला वाचाय येत न्हाई. मग लिहिलेलं बरोबर हाय का ते आमी कसं वळखायचं?" मी पाणी प्यायलो आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

शाळा परत उघडावी म्हणून गावाच्या नावाने मी आजवर पाच अर्ज लिहिले. हा सहावा. याला आवक क्रमांक मिळणार नाही, कारण ज्या कार्यालयाने तो द्यायचा त्या कार्यालयात असा अर्ज घेण्याची तरतूद नाही. तरीही नमुन्याप्रमाणे लिहितो.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, विद्या मंदिर गारेमाळ येथील ठराव वहीच्या पान क्रमांक ३१ वर जे लिहिले आहे ते वाचले गेले नाही, व जे वाचले गेले ते लिहिले गेले नाही. दोन्हीस निम्नस्वाक्षरीकार एकटाच जबाबदार आहे. तरी सदर ठराव निम्नस्वाक्षरीकाराने त्या दिवशी सकाळी वळणावर समितीसमोर मोठ्याने वाचला तसाच लिहिलेला होता, असे ग्राह्य धरण्यात यावे, शाळा त्या तारखेपासून आजतागायत अखंड चालू होती, असे समजण्यात यावे, आणि कु. रखमी धाकलू झोरे हिने इयत्ता चौथी, व त्यापुढील तिला हव्या तितक्या इयत्ता, उत्तीर्ण केल्या आहेत, असा आदेश पूर्वलक्षी प्रभावाने निर्गमित व्हावा, ही नम्र विनंती.